सेलीनचा मांडव

आज सकाळी कुंपणापलीकडे सेलीनने पडवीतून वाळवणाच्या तट्ट्या बाहेर काढल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही. पावसाळा सरतो, भिंतींचा दमटपणा जातो, उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, की ते सुरू होतं. उन्हाळ्याच्या शेवटी तिचा मांडव उतरला की थांबतं. तीस वर्षं झाली. इतक्या नेमाने येणाऱ्या दुखण्याला आता मोसमच म्हणायला हरकत नाही.

सेलीन माझी धाकटी जाऊ. वसईत सांडोरला आमची घरं एकाच वाडीत, मध्ये जास्वंदीचं कुंपण. तिच्या बाजूला राजेळीच्या केळी, विहीर आणि चार बांबूंवर उभा केलेला मांडव. माझ्या बाजूला बंगला, अंगणभर पेव्हर ब्लॉक आणि माझ्या नवऱ्याची, मायकलची, गाडी. मी शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अख्खं गाव मला टीचर म्हणतं, म्हणून सेलीनही टीचरच म्हणते. ती स्वतः सातवी शिकलेली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे, आणि त्याने पोटदुखी रतीभरही कमी झालेली नाही.

मांडवावर ती सुकेळी करते. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: राजेळी जातीचं लांब, जाड सालीचं केळं आढीत घालून पिकवायचं, सोलायचं आणि मांडवावर काठ्यांच्या तट्टीवर ओळीने मांडून उन्हात सुकवायचं. पाच-सहा दिवसांत त्याचा रंग मधासारखा होतो आणि चवीचं तर मी काही बोलत नाही. ऐकायला सोपं आहे. पण रोज केळं उलटायचं, कावळे हाकायचे, गांधीलमाश्यांशी भांडायचं, आणि संध्याकाळी सगळी केळी गोळा करून वाळक्या केळीच्या पानांत गुंडाळून झाकून ठेवायची. दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री आतल्या आत मुरलं पाहिजे. आणि हे झाकणं चर्चची संध्याकाळची घंटा वाजायच्या आत झालं पाहिजे. घंटेनंतर दव पडतं. हा आमच्या घरचा नियम, माझ्या सासूबाईंनी घातलेला. त्यांना आम्ही आईच म्हणायचो.

नाताळ आला की सेलीन न चुकता एक पुडकं माझ्याकडे पाठवते, पानात बांधलेलं, केळीच्या सोपाच्या, म्हणजे खांबाच्या वाळक्या सालीच्या, दोरीने आवळलेलं. मी मायकलसमोर म्हणते, “यंदा जरा जास्तच गोड झालीत.” मग दुपारी सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून दोन सुकेळी खाते. गोड बरोब्बर असतात. माझ्या जिभेवरचा कडूपणा माझा आहे, त्याला सेलीन काय करणार?

एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पण अलीकडे सेलीनच्या दारात माणसं यायला लागली. कॉलेजची मुलं, मासिकवाले, कॅमेरे गळ्यात अडकवलेले लोक. ते राजेळीचे बुंधे मोजतात, मांडवाचे फोटो काढतात आणि जाताना म्हणतात, तुम्ही फार मोठं कॉन्झर्व्हेशन करताय. सेलीन मान डोलावते आणि त्यांना पाणी देते. तिला तो शब्द म्हणताही येत नाही. आणि तो शब्द माझा आहे. मी पोटतिडकीने सांगते, बत्तीस वर्षं तो मी फळ्यावर लिहिला. आईंची विद्या तिला गेली ते गेलंच, आता माझा शब्दही तिच्याच पदरात? नाकाला मिरच्या झोंबतात म्हणतात, ते यालाच.

नववीच्या पुस्तकात तो होता. कॉन्झर्व्ह. अर्थ, जतन करणे, जपून वापरणे. मी लिहायची, वी मस्ट कॉन्झर्व्ह वॉटर. वी मस्ट कॉन्झर्व्ह फॉरेस्ट्स. मुलं वहीत उतरवून घ्यायची. त्या ‘वी’मध्ये सगळं जग यायचं, म्हणजे नेमकं कोणी यायचं नाही. प्रिझर्व्ह आणि कॉन्झर्व्ह यांत फरक काय, असं एखादी हुशार मुलगी विचारायची तेव्हा मी सांगायची, लोणचं घालतो ते प्रिझर्व्ह. झाकण लावलं, बरणी फडताळात ठेवली, झालं. कॉन्झर्व्ह म्हणजे विहीर. रोज उपसायची, आणि तरी उद्याला पाणी राहील इतकीच उपसायची. मुलींना ते पटायचं. मलाही माझं उत्तर आवडायचं. मग मी घरी येऊन मोटार लावायची आणि विहीर तळाला जाईपर्यंत बंद करायला विसरायची.

आता तर तो शब्द कुठेही भेटतो. राजोडीला भाचीच्या लग्नासाठी एका रिसॉर्टमध्ये उतरलो होतो. न्हाणीघरात नळावर हिरवं स्टिकर, कॉन्झर्व्ह वॉटर, आणि खिडकीतून बघावं तर खाली निळ्याशार पाण्याचा पोहण्याचा तलाव, त्यात एकच माणूस. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात पोरांचे घोळके जातात, त्यांतल्या एका घोळक्याच्या टी-शर्टांवर छातीभर हाच शब्द होता आणि मागे वाटेवर वेफर्सची पाकिटं. केळीच्या वाड्या मोडून टॉवर उभे राहतात त्यांच्या जाहिरातीच्या कागदावरही तो असतो, कोपऱ्यात, एका पानाच्या चित्राशेजारी. मला हसू येतं. पण ते हसू फार वेळ टिकत नाही, कारण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण ही म्हण मराठीच्या तासाला मुलं घोकायची तेव्हा शेजारच्या वर्गात मी वॉटर कॉन्झर्व्ह करत असायची.

आणि एक मोसम आहे, तो मला काही केल्या सोडत नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी ओततात त्या दगडांवर, शेवाळ होतं, आईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. राजेळीचे घड तर कापणीला आलेले, आढी घातलेली, घरभर पिकल्या केळ्यांचा असा वास की झोपेत घास गिळल्यासारखं वाटावं. सेलीनच्या लग्नाला तीनच महिने झालेले, अजून ती घरात चालताना भिंतीला धरून चालायची. मला दिवाळीची सुट्टी होती. आईंनी प्लास्टरचा हात गळ्यातल्या फडक्यात अडकवला आणि मला म्हणाल्या, “थोरली तू आहेस. या वेळी मांडव तू बघ.”

माझं माहेर पापडीचं, वडील पोस्टात. आमच्याकडे केळं यायचं ते बाजारातून, पिशवीतून. लग्न करून आले तेव्हापासून आईंना वाटायचं की ही शिकलेली बाई आमच्या चिकात हात घालणार नाही, आणि मला वाटायचं की यांनी बोलवलं तर मी घालीन. दोघीही वाट बघत बसलो होतो. त्या दिवशी त्यांनी बोलावलं. मला इतका आनंद झाला होता की मी पहिल्या दिवशी पहाटेच मांडवाखाली जाऊन उभी राहिले, ऊन यायच्या कितीतरी आधी.

चार दिवस मी सगळं नीट केलं. सोललेली केळी ओल्या हातातून कशी निसटतात, ते मला अजून आठवतं. आई खाली स्टुलावर बसून सांगायच्या, “अशी दाटीने नको मांडू. त्यांना श्वास घेऊ दे.” दुपारी तट्टी इतकी तापायची की बोटांची टोकं भाजायची. संध्याकाळी आम्ही पानं पसरायचो, मी केळी रचायची, आई डाव्या हाताने वरून पान दाबायच्या, आणि मग घंटा. आम्ही दोघी मांडवाखालीच उभं राहून क्रूसाची खूण करायचो. केळ्यांचा ऊबदार वास खालून यायचा. तेवढ्या चार संध्याकाळी मी त्या घरची होते.

पाचव्या दिवशी आई चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला गेल्या. नोव्हेंबर होता, आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना करायचा महिना. जाताना म्हणाल्या, “आज शेवटचंच झाकणं. उद्या बांधायची.” मी म्हटलं, हो, आणि सहामाहीचे पेपर घेऊन पडवीत बसले. शाळा उघडायच्या आत तपासून द्यायचे होते. त्यात एक प्रश्न होता, कॉन्झर्व्ह हा शब्द तुमच्या स्वतःच्या वाक्यात वापरा. साठ पेपरांत साठ वेळा वॉटर. मग एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझी आजी केळी कॉन्झर्व्ह करते.’ मी विचारात पडले. केळी सुकवणं म्हणजे प्रिझर्व्ह. मी शब्दाखाली लाल रेघ मारली, वर बरोबर शब्द लिहिला, अर्धा गुण कापला. तेवढ्यात घंटा वाजली. मी पेन हातात ठेवूनच क्रूसाची खूण केली आणि पुढचा पेपर घेतला.

खरं सांगते, मला घंटा ऐकू आली. मी विसरले असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं. पण मला ऐकू आली होती, आणि मला वाटलं, दहा मिनिटांनी काय होतंय. ही चूक वसईच्या वाडीतलं लहान पोरही करणार नाही. तिथे जन्म घालवलेली माणसं अंगावरच्या केसांनी दव ओळखतात. मी ते कुठे शिकले होते?

आई परत आल्या तेव्हा अंधार पडला होता. मी अजून पेपरांत. सेलीन कंदील घेऊन त्यांच्या मागे गेली, तेव्हा दिवे सारखे जायचे. आईंनी डाव्या हाताने एका केळ्याला हात लावला. मग दुसऱ्याला. मी धावत गेले, तर बोटाला गार, ओलं, चिकट काहीतरी लागलं. मी काहीबाही बोलायला लागले. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, “झाले का पेपर तपासून?”

तीन दिवसांत सगळ्या केळ्यांवर काळी-पांढरी बुरशी आली. ती खड्ड्यात गेली. पुढच्या आठवड्यात दुसरी आढी उघडली तेव्हा आईंनी हाक मारली, “सेलीन, मांडवाकडे ये.” मला हाक आली नाही. त्या वर्षी नाही, आणि नंतर कधीच नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मांडव दिसायचा. अजून दिसतो. शाळेतून आले की चहा ठेवायचा आणि बघत उभं राहायचं. आई सेलीनचं मनगट धरून केळं कसं दाबायचं ते दाखवायच्या. सुकेळं झालंय की नाही हे तोंडाने सांगता येत नाही म्हणे, ते मनगटातून मनगटातच जातं. त्या दोघी आमच्या घरच्या बोलीत काहीतरी कुजबुजायच्या आणि खिदळायच्या. मला ती बोली समजायची, पण तोंडात बसायची नाही. मी उगाच भांडी आपटायची. चहा उतू जायचा. जळणं म्हणजे काय हे मला कुणी शब्दाचा अर्थ देऊन शिकवायची गरज पडली नाही.

पुढे घरं वेगळी झाली. वाटणीच्या दिवशी आईंनी दोघींना तीन-तीन मुनवे दिले, मुनवे म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी पिल्लं. देताना म्हणाल्या, “ही आमसी केळ. हिचे मुनवे वाटत राहायचे. सगळे एकाच बुंध्याशी ठेवलेत तर एकमेकांचा जीव घेतात. दिलेत तर राहतील.” मी माझे तिन्ही बावखलाच्या काठावर लावले. बावखल म्हणजे वाडीतला उथळ तलाव; पावसाचं पाणी त्यात साठायचं, त्याच्या जोरावर आमच्या विहिरी गोड्या राहायच्या. मुनवे लागले, वाढले, एकेकदा व्याले, घड आले. मग मायकलने गाडी घेतली. गाडीला जागा हवी. आम्ही बावखल भरून टाकलं. चार ट्रक माती पडली त्याच आठवड्यात मी शाळेत पाण्याच्या जतनावरच्या निबंध स्पर्धेची परीक्षक होते. पहिलं बक्षीस मिळालेला निबंध फार सुंदर होता.

केळी त्या उन्हाळ्यातच वाळून गेल्या. वर पेव्हर ब्लॉक आले. आई काठी टेकत बघायला आल्या, ब्लॉकवरून पाय फिरवला आणि म्हणाल्या, “छान गुळगुळीत झालंय.” त्यानंतर दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या. त्यांच्या शवपेटीत ठेवायला सेलीनने केळीचं कोवळं पान कापून आणलं होतं. मी हार आणला होता, दुकानातला.

तेव्हापासून मला फक्त एक गोष्ट हवी होती. राजेळीचा एक मुनवा. सेलीनच्या वाडीत शंभर असतील, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते. कॉलेजच्या मुलांना दिले, फादरना दिले, सोसायटीत राहणाऱ्या एका बाईंना तर पिंपात लावायला दिला. पण मी मागायचा कुठल्या तोंडाने? सासूने हातात दिलेले तीन मी सिमेंटखाली घातले, हे तिला माहीत आहे. यंदा होळीच्या सुमारास मी न राहवून स्वयंपाकघरामागचे सहा ब्लॉक उचलून घेतले आणि हातभर खड्डा केला. मायकलला सांगितलं, पाइप गळतोय. खड्डा तसाच राहिला, रिकामा. रोज भांडी घासलेलं पाणी त्यात ओतायची आणि कुंपणापलीकडे बघायची नाही.

त्याच दिवसांत आणखी पाहुणी मंडळी आली. सेलीन कुंपणाशी येऊन म्हणाली, “टीचर, उद्या मुंबईहून एक मॅडम येणार आहेत. त्यांना मराठी येत नाही. तुम्ही येता का मध्ये बोलायला? मला त्यांचं इंग्रजी कळायचं नाही.” मी आधी म्हटलं, बघते जमलं तर. मग दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, मोत्यांची कुडी घालून, वेळेच्या अर्धा तास आधी तिच्या दारात.

मॅडम शांत, उंच, कॉटनच्या झब्ब्यातल्या. बरोबर दोन मुलगे कॅमेरे घेऊन, आणि विरारची एक मुलगी, श्रुती, जिने हे सगळं जमवून आणलं होतं आणि जी आता वहीत टिपणं घेत होती. मॅडम इंग्रजीत विचारायच्या, मी मराठीत सांगायची, सेलीन बोलायची, मी इंग्रजीत सांगायची. माझं इंग्रजी त्या दिवशी असं चाललं होतं की मलाच माझं कौतुक वाटावं. सेलीन मात्र मांडवाच्या खांबाला टेकून, हाताचा चीक पदराला पुसत, जे असेल ते सांगत होती. कॅमेरा तिच्यावर. मी चौकटीच्या बाहेर, नुसता आवाज.

मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं, आणि आता तुमच्यासोबत कोण करतं?

सेलीन म्हणाली, “सासूबाईंनी शिकवलं. आता एकटीच करते. पोरं नोकरीला जातात.”

मी मॅडमकडे वळले आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघींना शिकवलं, आणि गेली तीस वर्षं आम्ही दोघी मिळून हा मांडव सांभाळतो.

ते तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. खोटं बोलताना घशाला कोरड पडते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट फार हलकं वाटलं. मॅडमचा चेहरा उजळला. दोन्ही कॅमेरे माझ्याकडे वळले. आणि श्रुती चांगल्या खणखणीत मराठीत म्हणाली, “अय्या टीचर, म्हणजे सुकेळी तुम्ही दोघी मिळून करता? तीस वर्षं? मला माहीतच नव्हतं.”

सेलीनने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, मग तुम्हीच दाखवा ना, सुकेळं तयार झालं हे कसं ओळखता? मी हे मराठीत सांगायला हवं होतं, पण मी पदर सारखा करत राहिले. श्रुतीनेच सांगितलं. तट्टीवर सुकेळ्यांच्या ओळी होत्या, सोनेरी, जराशा सुरकुतलेल्या. मी एक उचललं. मी ते बोटांनी दाबलं, पेपर स्टेपल करताना दाबतात तसं, आणि ते मधोमध फुटलं, आतला पाक अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळला. कॅमेरा चालूच होता. बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि आता माझी पकडली जाणार, भर अंगणात, मोत्यांच्या कुड्यांसकट.

सेलीन पुढे झाली. तिने दुसरं सुकेळं माझ्या तळव्यावर ठेवलं, माझं मनगट खालून धरलं आणि माझी बोटं तिच्या बोटांखाली घेतली. दाबलं नाही. नुसतं टेकवलं, मग जरासं वाकवलं. आत एक बारीक ताठपणा होता, काडीसारखा, तो मला जाणवला. “अजून एक ऊन पाहिजे,” ती म्हणाली. मग श्रुतीकडे वळून, “टीचरांची बोटं दुखतात हल्ली. त्यामुळे बघायचं काम मी करते.”

मॅडमना हे सगळं फार आवडलं. जाताना त्या सेलीनला तोच शब्द म्हणाल्या, कॉन्झर्व्हेशन. या वेळी सेलीनने मला विचारलं, “म्हणजे काय, टीचर? सगळे येतात आणि हेच म्हणून जातात.” मी तिला जतन करणे असं सांगणार होते, फळ्यावर लिहायची तसं. पण मला आईंचं आठवलं. मी म्हटलं, “आई मुनवे वाटायच्या ना, ते.” सेलीन म्हणाली, “हां, मग बरोबर आहे,” आणि गाडीपाशी जाऊन तिने मॅडमनाही पोत्यात गुंडाळून एक मुनवा दिला. मला ते बघवलं नाही. इतकं सगळं होऊनही पोटात पुन्हा कळ आली, आमच्या घरची केळ मुंबईला चालली आणि मी इथेच हात हलवत उभी.

गाडी गेली. ऊन उतरलं होतं. सेलीन पानं पसरायला लागली. मी तिथेच उभी, अंगठ्यावरचा पाक सुकून ताणत होता. शेवटी म्हटलं, “मी खोटं बोलले.”

“कळलं ते,” ती म्हणाली.

“मी जळते तुझ्यावर. आई तुला बोलवायला लागल्या तेव्हापासून. रोज खिडकीतून बघते.”

ती पानं पसरतच होती. हात न थांबवता म्हणाली, “मला काय ती खिडकी दिसत नव्हती? तुम्ही आत पंख्याखाली चहा प्यायच्या, हातात पुस्तक. मी इथे उन्हात, अंगाला चीक, माश्या. मला वाटायचं, देवाने हिला बरं दिलंय. आणि वर भांडी आपटते, म्हणजे माझ्या घामाचा वास आला असेल.” मग तिने वाळक्या पानाचं एक टोक माझ्यापुढे केलं. “घंटा होईल आता. बोललीस ना, दोघी मिळून करतो म्हणून? मग ते खरं करून टाक. धर इकडून.”

तीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. मी पान धरलं. ओळी उचलल्या, रचल्या, झाकल्या. माझ्या बाजूचं पान दोनदा सुटलं आणि दोनदा तिने ते न बोलता बांधलं. घंटा झाली तेव्हा मांडवावर एकही केळं उघडं नव्हतं. क्रूसाची खूण करताना कपाळाला पाक लागला.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी सेलीन खांद्यावर मुनवा घेऊन माझ्या स्वयंपाकघरामागे आली. मला विचारलंही नाही, सरळ त्या सहा ब्लॉकांच्या खड्ड्यात उतरली. “पाइप गळतोय म्हणून भाऊजी सांगत होते,” एवढंच म्हणाली. केळ लागली आहे. आज माझ्या खांद्यापर्यंत आहे, पानं वाऱ्याने फाटलेली. तिच्या केळींना घड आले आहेत, माझी व्यायला अजून वेळ आहे, आणि याचाही मला हेवा वाटतो. स्वभाव आहे, तो काही एका मुनव्याने जात नाही.

तर आज सकाळी तिने तट्ट्या काढल्या. काल कुंपणावरून सांगून गेली होती, साडेसातला ये, तट्टी एकटीने चढत नाही. साडेसात वाजून गेले. मी खिडकीशी टेबलावर बसून हे लिहिते आहे, कारण मला भीती वाटते. चार दिवस नीट जाईल आणि पाचव्या दिवशी मी काहीतरी करीन. मला माझी खात्री नाही. सेलीन तट्टीचं एक टोक धरून मांडवापाशी उभी आहे, दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं. तिने मान वर केली. खिडकीत मला बघितलं, माझ्या हातातलं पेन बघितलं. त्या रात्री कंदील धरून आईंच्या मागे तीच तर उभी होती.

“टीचर,” तिने हाक मारली, “झाले का पेपर तपासून?”

“झाले,” मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं.